आठ डॉलर, बारा फोटो आणि नाशिकरोडची वही

नेहमीप्रमाणे हा एपिसोडचा लिखित मजकूर. बोलताना जे ‘म्हणजे बघा’ शंभर वेळा येतं त्यातले नव्वद कापलेत, दहा ठेवलेत.

आजचा विषय साधा वाटेल. आई किंवा बाबा आणि त्यांचं मूल, दोघंच, कमी पैशांत परदेशी फिरायला जातात आणि फोटो काढतात. आत्ता तुमच्या इन्स्टावर वर सरकवलंत तर असा एक तरी रील सापडेल. बँकॉक, हनोई, कोलंबो, दुबई. ‘आईला पहिल्यांदा विमानात बसवलं.’ खाली हजार बदाम. पण हा एक फोटो शक्य व्हायला काय काय बदलावं लागलं, याचा इतिहास भारी आहे. त्यात सुप्रीम कोर्ट आहे, रिझर्व्ह बँक आहे, कॅमेऱ्याचा रोल आहे. आणि मधोमध आपलं नाशिक आहे.

वही छापायची नाशिकने

नाशिकरोड, जेल रोड, उपनगर या पट्ट्यात वाढलेल्या कुणालाही ‘प्रेसमध्ये आहेत’ म्हटलं की कुठलं वर्तमानपत्र असं तो विचारत नाही. प्रेस म्हणजे इंडिया सिक्युरिटी प्रेस, नाहीतर शेजारची करन्सी नोट प्रेस. पहिली १९२०च्या दशकात सुरू झाली आणि १९२६ पासून तिथे भारताची टपाल तिकिटं छापायला लागले. दुसरी १९२८ची, नोटांची. आज आपल्या देशाचा पासपोर्ट याच इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये छापला जातो, चिपवाला नवा ई-पासपोर्टसुद्धा. तुम्ही सांगलीचे असा नाहीतर शिलाँगचे, तुमच्या कपाटातली ती गडद निळी ३६ पानी वही नाशिकरोडहून निघालेली आहे.

म्हणजे बघा, परदेशी जायला दोन कागद लागतात: पासपोर्ट आणि पैसे. पासपोर्ट नाशिकरोडला छापतात, रुपयाही नाशिकरोडला छापतात. तरी नाशिकरोडच्या साध्या घरातला माणूस कित्येक दशकं परदेशी फिरायला जाऊ शकत नव्हता. कारण तिसरा कागद इथे छापता येत नाही. तो म्हणजे डॉलर.

डॉलरकडे येतोच. आधी थोडं मागे जाऊ.

१८८३: दोन वर्षांची मुलगी आणि पुस्तकाचे पैसे

मराठी माणसाच्या परदेश प्रवासात आई आणि मूल ही जोडी शोधायला गेलं की पहिलं मोठं नाव येतं पंडिता रमाबाईंचं. एप्रिल १८८३. रमाबाई २५ वर्षांच्या होत्या. नवरा, बिपिनबिहारी मेधावी, आदल्या वर्षी कॉलऱ्याने गेलेला. कडेवर मुलगी मनोरमा, नुकती दोन वर्षांची झालेली. या दोघी, सोबत आनंदीबाई भगत, मुंबईहून बोटीने इंग्लंडला निघाल्या.

पैसे कुठून आले? रमाबाईंनी १८८२ मध्ये ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक लिहिलं होतं. त्याच्या विक्रीतून प्रवासाची सोय झाली. आजच्या भाषेत, साइड प्रोजेक्टवर तिकीट काढलं. तेही अशा काळात, जेव्हा समुद्र ओलांडला म्हणून लोक वाळीत टाकायचे आणि विधवेने घराबाहेर पडणंच मुश्कील होतं.

ही सुट्टीची सहल नव्हती, हे स्पष्ट सांगतो. इंग्लंडमधला काळ फार अवघड गेला. सोबत आलेल्या आनंदीबाई भगत यांनी त्याच वर्षी तिकडे आयुष्य संपवलं. रमाबाईंना डॉक्टर व्हायचं होतं, पण ऐकू कमी येत असल्याने तो रस्ता बंद झाला. मग चेल्टनहॅमच्या कॉलेजात शिकणं आणि संस्कृत शिकवणं. १८८६ मध्ये त्या अमेरिकेला गेल्या, फिलाडेल्फियाला, आनंदीबाई जोशींचा डॉक्टरकीचा पदवीदान समारंभ बघायला. तिथे काही आठवडे राहायचं म्हणून गेल्या आणि जवळजवळ तीन वर्षं राहिल्या. या किनाऱ्यापासून त्या किनाऱ्यापर्यंत अमेरिका पाहिली आणि परत आल्यावर १८८९ मध्ये त्यावर मराठीत पुस्तक लिहिलं.

आपल्या विषयासाठी महत्त्वाचं हे की या मायलेकींचे एकत्र फोटो आजही पाहायला मिळतात. दोघी एका चौकटीत. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढची शंभर वर्षं नेमकी हीच गोष्ट सगळ्यात अवघड असणार आहे. त्या काळी फोटो काढायचा म्हणजे स्टुडिओत जायचं. तिथे कॅमेऱ्यामागे तिसरा माणूस असायचा, त्यामुळे दोघी फोटोत. पुढे कॅमेरा घरी आला आणि तो तिसरा माणूस गेला.

त्र्यंबकचा माणूस लंडनला जातो

नाशिकचा एपिसोड आणि दादासाहेब फाळके नाहीत, असं कसं चालेल? जन्म त्र्यंबकेश्वरचा, १८७०. सिनेमावाले होण्याआधी ते फोटोग्राफर होते, गोध्र्याला त्यांचा स्टुडिओ होता. फेब्रुवारी १९१२ मध्ये ते लंडनला गेले, तेही विमा पॉलिसी गहाण ठेवून. तिथून विल्यमसन कॅमेरा ठरवून आले.

फाळक्यांच्या बजेटमध्ये बायको-मुलांना लंडन दाखवणं बसत नव्हतं. मग त्यांनी उलटं केलं. कॅमेरा घरी आणला आणि घरालाच कॅमेऱ्यासमोर आणि मागे उभं केलं. सरस्वतीबाई फिल्मला भोकं पाडायच्या, मुलगा भालचंद्र ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये रोहिदास झाला. १९१३ मध्ये सिनेमा लागला आणि त्याच वर्षी फाळके बिऱ्हाड घेऊन नाशकात आले.

आठ डॉलर

आता मुख्य भाग. स्वातंत्र्यानंतर देशाकडे परकीय चलन कमी होतं. धान्य, यंत्रं, तेल, सगळं बाहेरून आणायला डॉलर आणि पौंड लागायचे. मग सरकारने ठरवलं की कुणाच्या हौसेसाठी डॉलर द्यायचे नाहीत. त्या परिस्थितीत ते कळण्यासारखं आहे. पण त्याचा घरातल्या माणसासाठी अर्थ काय झाला?

साठच्या दशकात आणि सत्तरच्या सुरुवातीला परदेशी जाणाऱ्या साध्या प्रवाशाला सोबत नेता यायचे साधारण ८ डॉलर, किंवा ३ पौंड. त्या काळी अमेरिकेला शिकायला गेलेल्या कुणाही काकांना विचारा, ‘मी आठ डॉलर घेऊन उतरलो’ ही गोष्ट ते सांगतीलच. ती थाप नाही, नियमच तसा होता. जून १९६६ मध्ये रुपयाचं अवमूल्यन झालं, डॉलर ४ रुपये ७६ पैशांवरून साडेसात रुपयांवर गेला. म्हणजे ८ डॉलर म्हणजे ६० रुपये. खिशात हजार रुपये असले तरी बँक साठ रुपयांचेच डॉलर देणार. जास्तीचे चोरून नेले तर परकीय चलन कायदा होताच. १९७३ मध्ये आलेल्या ‘फेरा’ने तो आणखी कडक केला.

आम्ही कोड लिहिणारे लोक याला हार्ड लिमिट म्हणतो. तुमचं मशिन कितीही मोठं असो, सिस्टिममध्ये एक आकडा बसवलाय, त्यापुढे जाता येत नाही. इथे तो आकडा होता आठ.

आठ डॉलरमध्ये हॉटेल होत नाही. म्हणजे तिकडे राहायला-खायला घालणारं कुणीतरी हवं. त्यामुळे बजेट ट्रिप हा प्रकारच शक्य नव्हता. एक तर कंपनी, सरकार नाहीतर विद्यापीठ पाठवणार, किंवा नातेवाईक बोलावणार. सरकारी नोकरीतल्या रजा प्रवास सवलतीवर, म्हणजे एलटीसीवर, देशातच फिरता यायचं, आजही तसंच आहे. त्यामुळे ओझरच्या एचएएलमधलं किंवा प्रेसमधलं कुटुंब फिरायला जायचं काश्मीर, कन्याकुमारी, दार्जिलिंग. परदेश बघायचा तो सिनेमात. १९६४ला ‘संगम’मध्ये युरोप, मग ‘लव्ह इन टोकियो’, मग ‘अॅन इव्हनिंग इन पॅरिस’. वाचायचा असेल तर पुलंचं ‘अपूर्वाई’, १९६०चं. त्यातही चित्रं होती शि. द. फडणीसांची. म्हणजे मराठी मध्यमवर्गाने लंडन-पॅरिस आधी रेषांमध्ये पाहिलं, फोटो नंतर.

परवानगी की हक्क?

पैशांचा आकडा एक. दुसरा अडथळा खुद्द त्या वहीचा. १९६७ पर्यंत पासपोर्ट द्यायचा की नाही, हे सरकारच्या मर्जीवर होतं. त्यासाठी धड कायदाच नव्हता.

सतवंतसिंग साहनी नावाच्या एका व्यावसायिकाचा पासपोर्ट सरकारने परत मागितला. तो सुप्रीम कोर्टात गेला. १० एप्रिल १९६७ला निकाल आला, तीन विरुद्ध दोन न्यायाधीशांनी. कोर्ट म्हणालं की परदेशी जाणं हा घटनेच्या २१व्या कलमातल्या व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे. कायदा न करता सरकार ते मनाला येईल तसं अडवू शकत नाही. लगेच त्याच वर्षी पासपोर्ट कायदा झाला. पुढे जानेवारी १९७८ मध्ये मनेका गांधी खटल्यात कोर्टाने ते आणखी पक्कं केलं: अडवायची पद्धत न्याय्य आणि वाजवी हवी.

मला हे फार मोलाचं वाटतं. आपण विमानतळावर रांगेत उभे राहतो तेव्हा इमिग्रेशनवाला आपल्यावर उपकार करतोय असं वाटतं. तसं नाही. तो आपला हक्क आहे आणि तो मिळून साठेक वर्षंच झालीत.

आणखी एक मजेची गोष्ट. जुन्या पासपोर्टमध्ये बायकोच्या फोटोला जागा असायची आणि मुलांच्या नावांचा रकाना. म्हणजे मूल हे आईबाबांच्या वहीतली एक ओळ. आज तान्ह्या बाळालाही स्वतःचा पासपोर्ट लागतो. आणि डिसेंबर २०१६ मध्ये नियम बदलला. अर्जात आई किंवा वडील, एकाचंच नाव दिलं तरी चालेल. एकट्या आईने वाढवलेल्या मुलांसाठी ही केवढी मोठी गोष्ट आहे, हे ज्यांनी आधीचे अर्ज भरलेत त्यांना विचारा.

नायगारा, नऊवारी आणि कॅनव्हासचे बूट

मग मराठी आईबाप परदेशी पहिल्यांदा कधी गेले? उत्तर गमतीशीर आहे. मूल आईबापाला घेऊन गेलं नाही. मूल आधीच तिकडे जाऊन बसलं होतं.

१९६५ मध्ये अमेरिकेने स्थलांतराचा कायदा बदलला. आपल्याकडचे डॉक्टर, इंजिनियर तिकडे गेले. त्यांची संख्या एवढी वाढली की १९८१ मध्ये बृहन्महाराष्ट्र मंडळ स्थापन झालं. मग त्यांनी आईबाबांना बोलावलं. बहुतेकदा लेकीच्या किंवा सुनेच्या बाळंतपणाला. सहा महिने आई डिंकाचे लाडू करतेय, बाळाला न्हाऊ घालतेय, आणि एका शनिवार-रविवारी सगळे गाडीत बसून नायगाराला जातात.

तो फोटो तुम्ही पाहिलाय. नऊवारी किंवा पाचवारी, वर स्वेटर, पायात लेकाचे नाहीतर नातवाचे बूट, मागे धबधबा. चेहरा गंभीर, कारण फोटोत हसायची सवय नाही. महाराष्ट्रातल्या किती दिवाणखान्यांत तो फ्रेम करून लावलाय! त्या फोटोला हसू नका. त्या बाईने खर्चासाठी स्वतःचा एक डॉलरही नेलेला नाही. सगळी सहल लेकाच्या पगारावर, आणि बदल्यात सहा महिन्यांची मेहनत.

बारा

आता दुसरी हार्ड लिमिट: रोल. तेव्हा घरोघरी होता अॅग्फा क्लिक थ्री, बडोद्यात बनायचा. फोकस करायची भानगड नाही, ऊन मात्र हवं. एका रोलमध्ये १२ फोटो, चौकोनी. नंतर ३५ मिलिमीटरचे कॅमेरे आले, रोलमध्ये ३६. पासपोर्टची पानं ३६, रोलही ३६, हा निव्वळ योगायोग.

बारा फोटो म्हणजे बारा निर्णय. कावळ्याचा फोटो काढायचा नाही. जेवणाच्या ताटाचा तर प्रश्नच नाही. माणूस हवाच, आणि मागे ओळखू येईल अशी वास्तू हवी. रोल संपला की धुवायला टाकायचा, आठवडाभर थांबायचं, आणि दोन फोटो हललेले निघायचे. उरलेल्या दहांच्या मागे कुणीतरी पेनाने लिहायचं: ‘चि. सुहास व सौ. वहिनी, मे ७४.’

आणि इथे तो रमाबाईंचा मुद्दा परत येतो. दोघंच फिरायला गेलात तर कॅमेरा कुणाच्या हातात? ज्याच्या हातात तो फोटोत नाही. जुने अल्बम उघडा. बाबांकडे कॅमेरा असेल तर बाबा नाहीत. अख्खी सहल बाबांनी पैसे जमवून केलेली, आणि पुरावा एकच: खालच्या कोपऱ्यात पडलेली त्यांची सावली. अनोळखी माणसाला कॅमेरा द्यायचा तर तो पळाला तर काय, ही भीती वेगळीच.

आकडे कसे मोठे झाले

पुढचं पटकन सांगतो. हळूहळू फॉरेन ट्रॅव्हल स्कीम आली, ऐंशीच्या दशकात ५०० डॉलर मिळायला लागले. १९८४ मध्ये केसरी टूर्स सुरू झाली. आपल्या भाषेतला टूर लीडर, संध्याकाळी वरणभात, यामुळे इंग्रजीला घाबरणारी माणसंही युरोपला गेली. नाशिककरांना चौधरी यात्रा कंपनीच्या बसने चारधाम माहीत होतं. तोच यात्रेचा साचा आता विमानात बसला.

१९९१ला देशाची तिजोरी जवळजवळ रिकामी झाली, सोनं बँक ऑफ इंग्लंडकडे ठेवावं लागलं. त्यातून बाहेर पडल्यावर दारं उघडली. फेरा जाऊन जून २००० पासून फेमा आला. फेराचा भंग हा गुन्हा होता, फेमामध्ये मुख्यतः दंड. फेब्रुवारी २००४ मध्ये रिझर्व्ह बँकेने सांगितलं: माणशी वर्षाला २५,००० डॉलर पाठवा, न्या. २०१५ पासून ती मर्यादा अडीच लाख डॉलर आहे. आठ ते अडीच लाख. साध्या नोकरदारासाठी सरकारी आकडा आता अडथळाच राहिला नाही. आता अडवतो तो आपला पगार.

२००५ मध्ये एअर इंडिया एक्स्प्रेस सुरू झाली, २०११ मध्ये इंडिगो परदेशी उडायला लागली. नोव्हेंबर २०२३ मध्ये थायलंडने आपल्यासाठी व्हिसाची अट काढली, डिसेंबरमध्ये मलेशियाने. (हे नियम बदलत राहतात. तिकीट काढायच्या आधी स्वतः तपासा, माझ्या एपिसोडवर जाऊ नका.) सरकारी आकडेवारीप्रमाणे १९९१ मध्ये भारतीयांच्या परदेश वाऱ्या होत्या साधारण १९ लाख ४० हजार. २०१९ मध्ये २ कोटी ६९ लाख. यात नोकरीला जाणारेही आले, पण चढ बघा.

कॅमेऱ्याचंही तेच. रोल संपला, म्हणजे संपलाच: जानेवारी २०१२ मध्ये कोडॅकने दिवाळखोरीचा अर्ज केला. २०१०च्या आयफोन ४ला पुढे कॅमेरा होता, लवकरच स्वस्त फोनलाही आला. आपण त्याला सेल्फी म्हणून हिणवतो. पण आई आणि मूल दोघंच असतील, तर या पुढच्या कॅमेऱ्याने शंभर वर्षांचा प्रश्न सोडवला. तिसरा माणूस नको. दोघंही चौकटीत.

मग अडचण कुठेय?

अडचण आहे, आणि म्हणूनच हा एपिसोड केला.

आईचा पहिला पासपोर्ट ५३व्या वर्षी निघाला. गेल्या वर्षी आम्ही दोघं थायलंडला पाच दिवस जाऊन आलो, डाळ-तांदूळ आणि छोटा कुकर घेऊन. दोन फोन मिळून साडेसतराशे फोटो. माझ्यात देवळं आणि आई. आईच्या फोनमध्ये काय? भाजीबाजारातले भाव. खोलीतली किटली, तीन वेळा. रस्ता झाडणाऱ्या बायकांचे हातमोजे. आणि पुढे चालणारा मी, पाठमोरा, कित्येकदा. तिची सहल माझ्यापेक्षा वेगळी होती, हे मला तिचे फोटो बघून कळलं. बारांच्या रोलमध्ये किटलीला जागा मिळाली नसती. आणि रोल तिच्या हातातही आला नसता.

पण हे फोटो चाळीस वर्षांनी कुणाला सापडतील का? इथे जरा तांत्रिक सांगतो. फोनने काढलेल्या फोटोच्या फाइलमध्ये तारीख, वेळ, लोकेशन चालू असेल तर जागाही लिहिलेली असते. त्याला एक्झिफ म्हणतात. हीच आजची ‘मे ७४’. पण व्हॉट्सअॅपवर फोटो साध्या पद्धतीने पाठवला की फाइल बारीक होते आणि ही माहिती निघून जाते. म्हणजे मावशीकडे, मामाकडे, घरच्या ग्रुपवर जे पोचतं, त्याची पाठ कोरी असते. मूळ फोटो ज्या फोनमध्ये आहे तो दोन-तीन वर्षांत बदलणार. आणि नावं? माणसांची नावं तर एक्झिफमध्ये आपोआप येतच नाहीत.

सत्तर सालच्या बारा फोटोंपैकी दहा आज आपण नावागावासकट वाचू शकतो. आपल्या साडेसतराशेंचं तसं होईल याची मला खात्री नाही.

तेव्हा कामाचं सांगतो. एक, घरच्यांना फोटो पाठवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, मूळ फाइल जशीच्या तशी जाते. दोन, एक प्रत फोनच्या बाहेर ठेवा, हार्ड डिस्कवर. तीन, प्रत्येक सहलीचे फक्त बारा निवडा आणि छापून आणा. फार खर्च येत नाही. निवडताना आईबाबांना शेजारी बसवा, सहा त्यांना निवडू द्या, किटली निवडली तरी. प्रत्येकाच्या मागे बारीक मार्करने लिहा: कोण, कुठे, कधी, आणि फोटो कुणी काढला. ते शेवटचं विसरू नका. जुन्या अल्बममध्ये नेमकं तेवढंच लिहायचं राहून गेलंय.

आणि घरात नायगाराचा किंवा कुठलाही जुना फोटो असेल, तर या रविवारी तो भिंतीवरून काढा, मागचं वाचा. कोरा असेल तर ज्यांना आठवतंय त्यांना आत्ताच विचारा. पुढच्या एपिसोडमध्ये भेटू. नमस्कार.